विश्लेषण : मैदानात कोसळलेल्या डमार हॅमलिनचा जीव कुणी वाचवला, आणि त्याचा पगार कुणी?

२ जानेवारी २०२३. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात बफलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यात एनएफएलचा सामना सुरू होता. पहिल्याच सत्रात बेंगल्सच्या टी हिगिन्सनं चेंडू झेलला आणि तो पुढे धावला. बिल्सच्या २४ वर्षांच्या डमार हॅमलिननं त्याला पकडून खाली पाडलं. टक्कर अशी होती की या खेळात प्रत्येक सामन्यात डझनावारी होतात. हॅमलिन उठून उभा राहिला आणि पुढच्याच क्षणी पाठीवर कोसळला. त्याची हृदयक्रिया बंद पडली होती.

हॅमलिन वाचला, बरा झाला आणि पुन्हा त्याच खेळात उतरला. जगभर ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली गेली. पण या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे. त्याचा जीव वाचवण्याची व्यवस्था सामना सुरू होण्याआधीच सज्ज होती. त्याचा पगार आणि पेन्शन वाचवण्याची व्यवस्था मात्र तशी नव्हती.

हॅमलिन कोण, आणि तो नेमकं काय करतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमण आणि बचाव यांच्यासाठी वेगवेगळे खेळाडू असतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की आक्रमणाचे खेळाडू बाहेर जातात आणि बचावाचे आत येतात. हॅमलिन बचावात 'सेफ्टी' या जागेवर खेळतो. ही बचावाची शेवटची फळी. पुढच्या सगळ्यांना चुकवून आलेल्या खेळाडूला अडवायचं काम त्याचं. समोरचा पूर्ण वेगात धावत येत असतो आणि सेफ्टीही त्याच वेगात त्याच्या अंगावर जातो. कबड्डीतली पकड पाहिलेल्यांना हे समजायला सोपं जाईल. फरक एवढाच की इथे दोघांच्या अंगावर चिलखतासारखे पॅड असतात आणि धडक कित्येक पटींनी जोरदार असते.

हॅमलिन पेनसिल्व्हेनियातल्या मकीज रॉक्स या गावचा. पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळल्यानंतर २०२१च्या ड्राफ्टमध्ये बिल्सनं त्याला सहाव्या फेरीत घेतलं. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंची क्रमवार निवड. त्या वर्षी २५९ जण निवडले गेले. हॅमलिनचा क्रमांक होता २१२वा. २०२२ मध्ये संघाचा मुख्य सेफ्टी मायका हाइड जखमी झाला, म्हणून हॅमलिनला नियमित संधी मिळाली. म्हणजे तो कोसळला तेव्हा त्याचं करिअर नुकतंच उभं राहत होतं.

हृदय का बंद पडलं?

त्याला झालं होतं 'कमोशिओ कॉर्डिस'. एप्रिल २०२३ मध्ये हॅमलिननं स्वतःच हे जाहीर केलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात सेकंदाच्या काही शतांश भागाइतकाच असा एक क्षण येतो, की नेमक्या त्याच क्षणी छातीवर हृदयाच्या जागी आघात झाला तर हृदयाची विद्युत लय बिघडते. मग हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरतं आणि मेंदूला रक्त पोहोचत नाही. यासाठी हृदयात आधीपासून दोष असावा लागत नाही. बेसबॉलचा चेंडू छातीवर लागून धडधाकट शाळकरी मुलांच्या बाबतीतही असं घडलेलं आहे.

अशा वेळी उपाय एकच असतो : ताबडतोब छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवायचं आणि विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणायची. जितकी मिनिटं जातात, तितकी जगण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते.

जीव कसा वाचला?

बिल्सचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी मैदानावरच सीपीआर सुरू केला. झटका देणारं एईडी यंत्र तिथेच होतं, ते वापरलं गेलं. रुग्णवाहिका मैदानात आली. एनएफएलच्या प्रत्येक सामन्याआधी साधारण तासभर दोन्ही संघांचे वैद्यकीय कर्मचारी एकत्र बसतात. रुग्णवाहिका कुठे आहे, कोणत्या रुग्णालयात न्यायचं, कोण काय करणार, हे तिथे ठरतं. त्या रात्री ही तयारी कामी आली.

दोन-तीन दिवसांत हॅमलिन शुद्धीवर आला. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं लिहून विचारलं की सामना कोण जिंकलं. आयुष्याचा सामना तू जिंकलास, असं उत्तर डॉक्टरांनी दिलं. ११ जानेवारीला तो घरी जायला मोकळा झाला. अर्धवट थांबलेला तो सामना पुन्हा खेळवला गेलाच नाही.

मग पगाराचा प्रश्न कुठून आला?

तो कोसळल्यावर काही दिवसांतच त्याच्या कराराची चर्चा सुरू झाली. एनएफएलमधले करार कोट्यवधी डॉलरचे दिसतात, पण जाहीर होणारी सगळी रक्कम हमीची नसते. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये बहुतेक करार पूर्ण हमीचे असतात. फुटबॉलमध्ये हमी किती, हे खेळाडूचं वजन पाहून ठरतं.

खालच्या फेऱ्यांत निवडलेल्यांच्या करारात अनेकदा 'स्प्लिट' कलम असतं. म्हणजे खेळाडू संघात असेल तर एक पगार, जखमींच्या यादीत गेला तर कमी पगार. हॅमलिनच्या २०२२च्या करारात वार्षिक पगार ८ लाख २५ हजार डॉलर होता. जखमींच्या यादीत गेल्यावर तो ४ लाख ५५ हजार डॉलरच्या दरानं मोजला जाणार होता. सामन्यात, संघासाठी खेळताना हृदय थांबलं आणि त्याच कारणानं पगार जवळपास अर्ध्यावर, असा त्याचा अर्थ होता.

बिल्सनं त्याला पूर्ण पगार द्यायचं ठरवलं. नियमित हंगाम संपायला एकच आठवडा उरल्यानं फरकाची रक्कम तशी लहान होती. पण ती मिळाली ती करारातल्या हक्कामुळे नाही, अपवाद म्हणून. कोट्यवधी लोकांनी ते दृश्य टीव्हीवर पाहिलं होतं. त्याच्या खेळणी वाटपाच्या उपक्रमासाठी काढलेल्या ऑनलाइन निधीचं उद्दिष्ट अडीच हजार डॉलर होतं. तिथे काही दिवसांत ८० लाखांहून जास्त डॉलर जमा झाले. अशा खेळाडूचा पगार कापणं कोणत्याही संघाला परवडलं नसतं. कॅमेऱ्याआड, सरावात गुडघा गमावणाऱ्या अनोळखी खेळाडूसाठी मात्र हेच कलम जसंच्या तसं लागू होतं.

पेन्शनला तीन हंगाम का लागतात?

एनएफएलची पेन्शन आणि निवृत्तीनंतर पाच वर्षांचा आरोग्य विमा मिळण्यासाठी खेळाडूच्या नावावर किमान तीन हंगाम जमा व्हावे लागतात. जानेवारी २०२३ मध्ये हॅमलिनच्या नावावर दोन होते. तो पुन्हा मैदानात येऊ शकला नसता तर नियमित पेन्शनच्या एक पाऊल अलीकडे थांबला असता.

खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द सुमारे ३.३ वर्षांची सांगते. लीगचं म्हणणं असं, की पहिल्याच वर्षी मुख्य संघात जागा मिळवणाऱ्यांचं गणित काढलं तर ती सुमारे सहा वर्षांची भरते. कोणताही आकडा धरला तरी तीन वर्षांची अट अनेकांसाठी काठावरची ठरते. धोका पहिल्या दिवसापासून असतो, संरक्षण मात्र नोकरीची वर्षं मोजून मिळतं.

त्याच ड्राफ्टमधला दुसरा खेळाडू

ही दरी किती रुंद आहे हे पाहायचं तर २०२१च्याच ड्राफ्टमधलं आणखी एक नाव पुरेसं आहे. मायका पार्सन्स हाही बचावाचाच खेळाडू. डॅलस काउबॉइजनं त्याला १२व्या क्रमांकावर घेतलं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर झडप घालण्यात त्याचा हात धरणारे मोजकेच. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला आणि त्यानं चार वर्षांचा, १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. त्यातले १२ कोटी डॉलर सहीच्या दिवसापासूनच हमीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि त्याचा हंगाम संपला. शरीराचं नुकसान व्हायचं ते झालं, पण हमीची रक्कम कुठे गेली नाही.

टक्कर दोघांसाठी सारखीच असते. टक्करीनंतर काय उरतं, ते ड्राफ्टमधला क्रमांक आणि त्यानंतरची कामगिरी ठरवते.

परतल्यानंतर हॅमलिनचं काय झालं?

डॉक्टरांच्या परवानगीनंतर ऑगस्ट २०२३ मध्ये तो सराव सामन्यात उतरला आणि १ ऑक्टोबरला मायामी डॉल्फिन्सविरुद्ध अधिकृत सामन्यात. त्या हंगामात तो बहुतेक वेळ बाकावरच होता, पण संघाच्या यादीत राहिल्यानं तिसरा हंगाम नावावर जमा झाला. २०२४ मध्ये तो पुन्हा नियमित सेफ्टी झाला. सप्टेंबरमध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्ध त्यानं कारकिर्दीतला पहिला इंटरसेप्शन घेतला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं फेकलेला चेंडू मध्येच पकडला.

मार्च २०२५ मध्ये बिल्सनं त्याला नवा करार दिला, तो एकाच वर्षाचा. ऑक्टोबरमध्ये छातीच्या स्नायूला दुखापत झाली आणि तो पुन्हा जखमींच्या यादीत गेला. इतकं कौतुक वाट्याला येऊनही भविष्य वर्षभरापुरतंच ठरत होतं.

यातून काय बदललं?

वैद्यकीय बाजूला बदल दिसला. मार्च २०२३ मध्ये हॅमलिन वॉशिंग्टनला गेला आणि शाळांमध्ये एईडी यंत्रं पोहोचवण्याच्या विधेयकाला त्यानं जाहीर पाठिंबा दिला. सीपीआर शिकवण्याच्या मोहिमांचा तो चेहरा बनला. एनएफएलच्या मैदानावर जी तयारी होती ती शाळेच्या मैदानावरही असावी, हे लोकांना पटवणं सोपं गेलं.

कराराच्या बाजूला हॅमलिनचा प्रश्न सुटला, पण तो त्याच्यापुरताच. स्प्लिट कलम आणि तीन हंगामांची अट यांचं भवितव्य लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या सामूहिक करारावर अवलंबून आहे. २०२० मध्ये झालेला हा करार २०३०च्या हंगामापर्यंत चालणार आहे. पुढच्या वाटाघाटींत संघटना काय मागते, याकडे २०० पलीकडच्या क्रमांकाचे खेळाडू सगळ्यात जास्त लक्ष देऊन असतील. एईडी यंत्र कुणावर वापरायचं हे ड्राफ्टमधला क्रमांक पाहून ठरत नाही. पगाराची हमी अजून तशीच ठरते.