वारसाहक्काने आलेले कासव

वडिलोपार्जित म्हणून घरात जे काही येते त्याची आपण यादी करतो. दागिने, भांडी, जमीन, मुदतठेवी. कासवाचे नाव मात्र या यादीत कुणी घालत नाही. खरे तर कोकणात आणि देशावरही कितीतरी घरांत विहिरीतले कासव असेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आजोबांनी ते सोडले, वडिलांनी त्याला भाताची शिते टाकली, नातवंडांनी काठावरून वाकून ते पाहुण्यांना दाखवले. कासव पाणी स्वच्छ ठेवते, ही त्यामागची समजूत. किडे आणि कुजके-मेलेले ते खाते, तेव्हा ती अगदीच निराधार नव्हती. शिवाय देवळाच्या सभामंडपात मूर्तीसमोर कोरलेले कासव आपण लहानपणापासून पाहत आलेलो. त्याला घरात जागा देण्यात गैर ते काय?

पुढे नळ आले, विहिरी बुजल्या, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कासवाची हौस तेवढी टिकली. आज ती दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत आहे.

या पेटीत बहुधा दोनपैकी एक प्राणी असतो. पहिला, कानापाशी तांबडा पट्टा असलेला अमेरिकन 'रेड-इअर्ड स्लायडर'. विकत घेताना तो रुपयाच्या नाण्याएवढा असतो. मादी वाढून पाऊण-एक फुटाची होते. दुसरे, पाठीवर चांदण्या असलेले आपले देशी 'स्टार' कासव. हे कोरड्या रानात राहणारे. पण मराठीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोघांनाही 'कासव' हा एकच शब्द, त्यामुळे हौशी मंडळी त्यालाही पाण्यात ठेवतात आणि ते बिचारे बुडून मरते.

कायद्याचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने स्टार कासव पकडणे आणि बाळगणे केव्हाच बंद केले आहे. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने ते वाघाच्या पंक्तीला, पहिल्या परिशिष्टात जाऊन बसले. शिक्षा तीन ते सात वर्षांची. तरीही ते शुभ म्हणून विकले जाते आणि सुशिक्षित घरांत घेतले जाते. गुन्हा करतो आहोत, हे घेणाऱ्याच्या गावीही नसते.

मी आयुष्यभर बँकेत काढले. तिथे शिकलेला एक प्रश्न कासव घेणाऱ्याला विचारावासा वाटतो : नॉमिनी कोण? स्लायडर नीट सांभाळला तर तीस वर्षे सहज जगतो. साठीतल्या आजोबांनी नातवाच्या वाढदिवसाला आणलेले कासव आजोबांच्या मागे राहणार, हे उघड आहे. नातू शिकायला परदेशी जाईल, सुनेला पाणी बदलायचा कंटाळा येईल. खातेदार गेल्यावर ठेवीला दहा वारस पुढे येतात, कर्जाला एकही नाही, हे मी काउंटरमागून पुष्कळदा पाहिले आहे. कासव हे दुसऱ्या प्रकारात मोडते.

वारसा निभावल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडातले आहे. गिल्बर्ट व्हाइट या निसर्गप्रेमी पाद्र्याला १७८० साली आत्याच्या मागे तिचे 'टिमथी' नावाचे कासव मिळाले. ते काय खाते, थंडीत जमिनीत कधी शिरते, याच्या नोंदी त्याने अखेरपर्यंत ठेवल्या. १७९३ मध्ये व्हाइट वारला; टिमथी त्याच्यानंतरही काही महिने जगले. पुढे कळले, की ती मादी होती!

आपल्याकडे नकोसे कासव रात्री तळ्यात सोडतात आणि वर पुण्य मिळाले असे मानतात. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात २०१८ मध्ये स्लायडर सापडला, तो काही अमेरिकेहून पोहत आला नव्हता. असा पाहुणा देशी कासवांचे अन्न आणि उन्हाला बसायची जागा बळकावतो. जपानने २०२३ मध्ये यावर व्यवहारी तोडगा काढला : घरात असलेला स्लायडर ठेवा, कुणाला फुकट द्या, पण विकायचा नाही आणि बाहेर सोडायचा नाही. आपण निदान एवढे तरी करावे. स्लायडर असेल तर तो अखेरपर्यंत सांभाळावा, त्याला हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावावेत, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. देशी कासव असेल तर वनखात्याशी बोलावे.

आणि ती जुनी विहीर? तिच्याबद्दलही भाबडे होण्यात अर्थ नाही. कासव पाण्यातले असले तरी अंडी जमिनीवर घालते. चिरेबंदी विहिरीतल्या मादीला वर यायला वाट नव्हती. ज्याला आपण घरचा सदस्य म्हणत होतो, तो जन्मठेपेचा कैदी होता.

मग परंपरा टाकूनच द्यायची का? मला तसे वाटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने दुसरी वाट दाखवली आहे. तिथे २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखली जातात, आणि पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला माणसे मुलाबाळांसह येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात. आजोबांनी नातवाला द्यायचेच असेल, तर ही दरवर्षाची फेरी द्यावी. तिला पेटी लागत नाही आणि नॉमिनीही.