क्षमा कोणी कोणाला करायची?

ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांवर लिहायचे म्हटल्यावर आमच्या गटातल्या दोघीतिघींनी भुवया उंचावल्या. धर्म आणि प्रेमकथा, दोन्हींकडे चळवळीतल्या आपण बायका जरा नाक मुरडूनच बघतो, इथे तर दोन्ही एकत्र! पण वाशी-नेरूळकडच्या आमच्या ख्रिस्ती मैत्रिणी, कोणी वसईच्या, कोणी केरळच्या, कोणी मराठवाड्यातून आलेल्या, ही पुस्तके वाचतात आणि एकमेकींना देतात. संसाराचे दुखणे सांगताना त्यांच्या तोंडी शब्दही तिथलेच येतात: क्षमा, जखमा भरणे, देवाची योजना. तेव्हा नाक मुरडून भागणार नव्हते. मी वाचायला घेतली.

यातली सर्वांत गाजलेली म्हणजे फ्रान्सिन रिव्हर्स या अमेरिकन लेखिकेची 'रिडीमिंग लव्ह' (१९९१). २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. बायबलमधला होशेय संदेष्टा बदफैली बायकोला पुन्हा घरी आणतो, ती गोष्ट लेखिकेने कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीच्या काळात नेली आहे. लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली एंजल, आणि देवाचा आदेश मानून तिच्याशी लग्न करणारा शेतकरी मायकेल. लग्नाला ती हो म्हणते तेव्हा मार खाऊन अर्धमेली पडलेली असते. याला संमती म्हणायची का, हे लेखिकेला विचारावेसे वाटते.

तरीही बायकांना हे पुस्तक का आवडते ते कळते. आपल्या कथा-सिनेमांत 'पाय घसरलेली' बाई शेवटी विहीर जवळ करते किंवा नायकासाठी गोळी झेलते. इथे तिला कोणी मारून टाकत नाही. तिच्यावर प्रेम केले जाते, तिचा भूतकाळ माहीत असून. ही काही थोडी गोष्ट नव्हे. आणि शेवटाकडे एंजल नवऱ्याला सोडून शहरात जाते, आपल्यासारख्या मुलींना त्या धंद्यातून बाहेर काढण्याचे काम उभे करते. तिची जखम मला तरी तिथे भरताना दिसली, मायकेलच्या शेतावर नव्हे.

माझे भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. होशेयच्या काय किंवा मायकेलच्या काय, कथेत क्षमा करतो तो नवरा. त्याच्या हाती सत्ता असते आणि तो ती वापरत नाही, म्हणून त्या क्षमेला मोल. वाचून क्षमा करायला निघते मात्र बायको! नवऱ्याने दात पाडला, तरी 'मी प्रेम करत राहिले तर तोही बदलेल' असे म्हणणारी बाई आमच्यासमोर बसलेली असते. मायकेल बायकोवर हात उगारत नाही, हे ती विसरते. तिला बाहेरची वाट तरी कुठे होती? १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता, दोन वर्षांचा त्याग असे आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नव्हती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली, आणि संसदेने कायदा बदलला तो २००१ साली. म्हणजे एकशे बत्तीस वर्षे. ज्या बाईला घर सोडता येत नाही तिच्या क्षमेला क्षमा म्हणावे, की नाइलाज?

आणि गंमत अशी की आपल्या मराठीत ही गोष्ट फार आधी वेगळी सांगून झाली आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही उघडउघड ख्रिस्ती प्रचाराची कादंबरी. प्रचार मला खटकतोच. पण तिच्यातली यमुना विधवा झाल्यावर केशवपनासाठी टपलेल्या सासरला क्षमा करत बसत नाही. ती बाहेर पडते, बाप्तिस्मा घेते, पुन्हा लग्न करते. तिथे श्रद्धा म्हणजे घराबाहेर जाण्याचा रस्ता.

त्याहून मोलाचे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. ती कादंबरी नाही, पण तिच्याइतकी प्रेमकथा मला दुसरी माहीत नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई संतापल्या, रडल्या, आजारी पडल्या आणि काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्या लगेच त्यांच्या धर्मात जायला नव्हे. जातिभेद माणसाने केलेला आहे हे त्यांचे त्यांना पटले, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा तापटपणा, घरात आहे नाही ते वाटून टाकण्याची खोड, सारे त्यांनी हसतहसत लिहून ठेवले आहे. काहीही झाकले नाही. असे लिहिणाऱ्या बाईने नवऱ्याला क्षमा केली होती की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्या वाचनात सध्या हेच पुस्तक चालू आहे. मागच्या बैठकीत एकीने विचारले, "ताई, वेगळं राहिली तेवढी वर्षं तिला आसरा कोणी दिला?" त्यावरून वादविवाद असा रंगला की आठची बस चुकली. आपल्यातल्या कोणाकडे दोन महिने ठेवून घेण्याइतकी जागा आहे, याची यादी त्या रात्री झाली. नावे चार आली आहेत.