निवेदन नेमके कोणाच्या दारात?



कापसाचा भाव पडला की आपण तहसीलवर मोर्चा नेतो. निवेदन वर जाते. मुंबई म्हणते, भाव दिल्लीच्या हातात. दिल्ली म्हणते, शेती हा राज्याचा विषय. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणूनच ही टोलवाटोलवी इतकी वर्षे खपली. रोग ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हे आम्ही शेतीशास्त्रात शिकलो. निवेदनाचेही तसेच आहे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. राज्याच्या यादीत शेती, पाणी, जमीन आणि बाजार. केंद्राच्या यादीत परदेशी व्यापार आणि आयात-निर्यातीवरचे शुल्क. तिसरी यादी दोघांची, समवर्ती. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने तिच्या ३३ व्या नोंदीत अन्नधान्य, गुरांचा चारा, पेंड, कापूस आणि सरकी यांचा व्यापार घातला. म्हणजे आपली ज्वारी, तिचा कडबा, कापूस आणि सरकी, सगळे एकाच नोंदीत! इथे दोन कायदे भिडले तर सहसा केंद्राचाच चालतो.

थोडक्यात, पिकवायचे राज्याच्या विषयात आणि विकायची नाडी दिल्लीकडे. मार्च २०१२ मध्ये दिल्लीने कापसाची निर्यात एका आदेशाने बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. वेचणीचा हंगाम नेमका त्यातच आला. २०२० चे तीन शेती कायदे आधी वटहुकूम म्हणून आले आणि २०२१ मध्ये रद्द झाले. ते चांगले होते की वाईट, हा वाद वेगळा. बाजार हा राज्यांचा विषय असताना आधी वटहुकूम आणि मग चर्चा, हा क्रमच उलटा होता.

पण म्हणून मुंबईला सोवळे समजू नका. १९७२ पासून राज्याने कापूस एकाधिकार खरेदी चालवली. कापूस सरकारलाच घालायचा, शेजारच्या राज्यात जादा भाव असला तरी गाडी हद्दीपलीकडे नेणे गुन्हा. तो अधिकार राज्याचाच होता. तेव्हा राज्याला जास्त अधिकार म्हणजे शेतकऱ्याला जास्त अधिकार, असे कोणी सांगितले तर हा इतिहास आठवावा. ज्वारीचेही पाहा. हमीभाव दिल्ली जाहीर करते, खरेदी केंद्रे राज्याच्या यंत्रणेने चालवायची. केंद्र वेळेवर उघडले नाही तर हमीभाव कागदावर राहतो आणि ज्वारी व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते.

आमचे मत स्पष्ट आहे. यापुढे प्रत्येक तालुक्याने एक नव्हे, दोन निवेदने द्यावीत.

दिल्लीला: कापसाच्या आयात-निर्यातीचे धोरण पेरणीआधी जाहीर करा, हंगामात बदलू नका, बदलायचेच असेल तर कापूस पिकवणाऱ्या राज्यांना आधी विचारा.

मुंबईला: ज्वारीची खरेदी केंद्रे काढणीआधी उघडा, आणि दिल्लीने कापसाचे धोरण बदलले की विधानसभेत ठराव करून जाब विचारा.

खासदाराला पहिले निवेदन द्या, आमदाराला दुसरे. दोघांचीही लेखी पोच घ्या आणि पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणा. कोणी काय उत्तर दिले, ते तिथे सर्वांसमोर वाचू.