एकच कॉपी म्हणजे शून्य कॉपी

दिवाळीत शिरपूरला गेलो होतो. माळ्यावर आजीची कॅसेट सापडली, मामांनी टेप केलेल्या तिच्या अहिराणी ओव्यांची. उत्साहाने जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली आणि चार मिनिटांत फीत गुंतून तुटली. ऑफिसात सर्व्हरचे तीन-तीन बॅकअप घेणारा मी. आजीचा आवाज मात्र एकाच फितीवर!

बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी जपली म्हणून १९५२ साली छापली गेली. पण कागदावर शब्द राहतात, गळा नाही.

गळा राखता येतो, पण एकट्यादुकट्याने नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या बघा. त्यांतल्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत गुरुग्रामच्या अभिलेखागारात गेली. २०१७ पासून 'परी'च्या वेबसाइटवर त्या कुणालाही ऐकता येतात. एक जागा बंद पडली तरी ओवी बंद पडत नाही.

मग शिरपूर, धुळे, जळगावच्या वाचनालयांनी हेच का करू नये? चांगला कॅसेट डेक आता सहज मिळत नाही. तिघांत मिळून एक घ्या. कुणाकडे काय आहे याची सामाईक यादी करा. फाइल एमपीथ्री नको, वेव्ह ठेवा. उत्तम दर्जात तासाला साधारण २ जीबी, म्हणजे किरकोळ. आणि प्रत्येक फाइल तिन्ही गावांत.

असो. तुमच्या माळ्यावरही अशी कॅसेट असेल, तर माझ्यासारखी घाईने लावू नका. आधी जाणकाराला दाखवा.