गाडी गेली, नाव राहिले
जुनी मोटार ऑनलाइन लिलावाला काढली की पहिला आकडा सुखावतो. मॉडेल, साल, किलोमीटर भरले की मोबाइलवर झकास अंदाज झळकतो. मग तपासनीस येतो, रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र दारांवरून फिरवतो आणि अंदाज घसरू लागतो. बोली लावणारे डीलर तर गाडी न पाहताच, फोटो आणि अहवालावर आकडे टाकतात. त्यामुळे गाडी उचलायच्या दिवशी नवा ओरखडा ‘सापडतो’ आणि ठरलेल्या रकमेला कात्री लागते. तोवर मालकाने नवी गाडी बुक केलेली असते, त्यामुळे घासाघीस करायची ताकदही उरत नाही. हा मनस्ताप तरी पैशांचा. खरी डोकेदुखी आरसीवरच्या नावाची. २००७ मध्ये विकलेली एक मोटार हातोहात फिरली, २००९ मध्ये तिला अपघात झाला. नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिल्याने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. १ एप्रिल २०२३ पासून नियम बदलले: गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिल्याचे आरटीओला पोर्टलवर कळवले की हस्तांतरापर्यंत तो डीलरच मालक मानला जातो. पण लिलाव जिंकणारा अधिकृत आहे का, हे विचारणारे विक्रेते किती? आणि फास्टॅग बंद करायचा राहिला, तर टोलही जुन्या मालकाच्याच खात्यातून कटतो.