मोटारींतील शिळा धूर

वापरलेली मोटार विकत घेणें ही गोष्ट हल्लीं मध्यम स्थितीच्या कुटुंबांत सर्रास झाली आहे, व तींत कमीपणा मानण्याचें कांहीं एक कारण नाहीं. आमच्या करवीर नगरींत तर जुन्या मोटारीचें कौतुक आबालवृद्धांस ठाऊक आहे. विजयादशमीस छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकांत येते, तेव्हां ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धांतली म्हणून कोणी नाक मुरडीत नाहीं. उलट माणसें मुलांना खांद्यावर घेऊन ती दाखवितात. तेव्हां जुनेपणा हा कांहीं दोष नव्हे. मात्र जुन्या मोटारीबरोबर पूर्वीच्या मालकाच्या संवयीहि आपल्या दारांत येऊन उभ्या राहतात, आणि त्यांतील सर्वांत चिवट म्हणजे सिगारेटच्या धुराचा वास होय.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष एका वाचक भगिनीच्या पत्रानें वेधलें. त्यांच्या एकत्र कुटुंबांत गेल्या दिवाळीस एक वापरलेली मोटार घेण्यांत आली. घरांत आठ महिन्यांचें मूल आहे, सासूबाईंना दमा आहे. दत्तदर्शनासाठीं नरसोबाच्या वाडीस जाऊन येईपर्यंत सासूबाईंस दोनदां खोकल्याची उबळ आली. गाडींत सिगारेटचा वास येतो असें ह्या बाईंनीं म्हणतांच पुरुषमंडळींनीं तो त्यांचा नाजूकपणा ठरविला. मामंजी म्हणाले, वास आपोआप जाईल; भावोजींनीं आरशास अत्तराची कुपी टांगली. आतां गाडींत दोन वास येतात. आपलें नाक खोटें बोलतें काय, असें त्यांनीं आम्हांस विचारलें आहे. आमचें उत्तर असें कीं, त्यांचें नाक खरें बोलतें, आणि घरांतील इतरांच्या नाकांहून तें अधिक विश्वासार्ह आहे. ज्या नाकास एखाद्या वासाची संवय जडली, तें थोड्याच वेळांत त्याची दखल घेणें सोडून देतें. मामंजी आजहि तपकीर ओढतात असें पत्रांत ओघानें आलें आहे. तेव्हां त्यांच्या साक्षीचें मोल किती, हें वाचकांनींच ठरवावें.

आपल्याकडील तार्किकांनीं गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. पाण्यास किंवा वाऱ्यास जो वास येतो तो त्यांचा स्वतःचा नव्हे, त्यांत मिसळलेल्या पार्थिव अंशाचा, अशी त्यांची उपपत्ति. आजचें रसायनशास्त्र पंचमहाभूतें मानीत नाहीं. तथापि ह्या एका ठिकाणीं दोघांचा निर्णय जवळजवळ एकच आहे. जेथें वास आहे तेथें कांहींतरी द्रव्य आहे, आणि तें द्रव्य काढून टाकल्यावांचून वास जात नाहीं. सिगारेटचा धूर हवेंत विरून गेला असें डोळ्यांस दिसतें, तेव्हां त्यांतील पुष्कळसा भाग वस्तुतः आसपासच्या पृष्ठभागांवर जाऊन बसलेला असतो. निकोटिन आणि डांबरासारखीं चिकट द्रव्यें कापडाच्या धाग्यांत, आसनांच्या स्पंजांत, छताच्या अस्तरांत मुरतात. मोटारींत हवा थोडी आणि कापड फार, असा प्रकार असल्यामुळें तेथें तर हा लेप फार लवकर बसतो. ऊन लागून गाडी तापली कीं हींच द्रव्यें पुन्हां वायुरूप होऊन बाहेर पडूं लागतात. सकाळीं न जाणवणारा वास दुपारीं दार उघडतांच तोंडावर येतो तो ह्यामुळें, आणि पावसाळ्यांतील दमट हवेंतहि तो डोकें वर काढतो.

निपाणी आमच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर. विडीच्या तंबाखूची ती जुनी पेठ. तेथील वखारींत तंबाखू चाळणाऱ्या बायांच्या लुगड्यांस जो वास लागतो, तो त्यांच्याबरोबर घरीं जातो आणि एका धुण्यानें सुटत नाहीं. कारण तो नुसता वास नव्हे, ती तंबाखूचीच धूळ आहे. अकबराचा वकील असदबेग इ. स. १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला तेव्हां त्यानें ही नवलाची वस्तु बादशहापुढें ठेवली, म्हणजे मोगल दरबारास तंबाखूची ओळख आमच्या शेजारच्या विजापुरानेंच करून दिली. चरकसंहितेंत धूमपान सांगितलें आहे असें म्हणून सिगारेटचें समर्थन करणारे विद्वान् आम्हांस अधूनमधून भेटतात. त्या धूमवर्तींत औषधी वनस्पति असत. तंबाखूचें झाड मूळ अमेरिकेंतलें; चरकाच्या काळीं तें ह्या भूमींत नव्हतेंच.

वासाचा त्रास एवढाच प्रश्न असता तर आम्ही हा लेख लिहिलाहि नसता. पण इ. स. २००९ च्या सुमारास अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांनीं ह्या बसलेल्या धुरास ‘तिसऱ्या हाताचा धूर’ असें नांव दिलें. ओढणाऱ्याचा पहिला, शेजारीं बसणाराचा दुसरा, आणि ओढणारा निघून गेल्यावर मागें राहतो तो तिसरा. इ. स. २०१० मध्यें बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनचा हवेंतील नायट्रस आम्लाशीं संयोग होऊन नायट्रोसामाइन जातीचीं द्रव्यें तयार होतात, आणि त्यांतील कांहीं कर्करोगकारक आहेत. फार सिगारेट ओढणाऱ्या एका इसमाच्या मालवाहू मोटारींतहि त्यांना तीं सांपडलीं. त्यापूर्वीं, इ. स. २००८ मध्यें, सॅन डिएगो येथील संशोधकांनीं विक्रीस काढलेल्या जुन्या मोटारी तपासल्या होत्या. ओढणाऱ्यांच्या मोटारींत हवा, धूळ आणि पृष्ठभाग ह्या तिहींतहि निकोटिन अधिक आढळलें. मोठा मनुष्य मोटारींत नुसता बसतो. तान्हें मूल आसनावर तळवे घासतें, पट्टा तोंडांत घालतें आणि तींच बोटें चोखतें. सासूबाईंस खोकला आणणारी वस्तु नातवाच्या पोटांत जाऊं द्यावी कीं नाहीं, एवढाच ह्या पत्रांतील खरा प्रश्न आहे, आणि त्यांत नाजूकपणाचा संबंध येत नाहीं.

आतां उपाय. प्रथम जे उपाय नव्हेत ते सांगतों, कारण आमच्या घरांत त्यांचीच चलती अधिक. अत्तराची कुपी, कापराची पुडी, कॉफीची भुकटी, चिरलेलें लिंबू ह्यांनीं वासावर पांघरूण पडतें; खालचें द्रव्य जागच्या जागीं राहतें. डांबरगोळ्या तर मोटारींत ठेवूंच नयेत. त्यांची वाफ बंद जागेंत, विशेषतः मुलांस, अपायकारक असते. कांहीं श्रद्धाळू मंडळी गाडींत उदबत्ती किंवा धूप लावतात. धूप देवघरांत शोभतो. पण धुरानें धूर घालविण्याची ही युक्ति चिखलानें चिखल धुण्यासारखी आहे.

खऱ्या कामास कोरडे दिवस निवडावे. कोल्हापूरचा आषाढ-श्रावण ह्या कामीं सर्वस्वीं वर्ज्य. ओलीं झालेलीं आसनें वाळत नाहींत, आणि धुराच्या जागीं बुरशीचा वास येऊन बसतो. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत केव्हांहि चालेल. आधीं पायपुसणीं, आसनांवरचे अभ्रे, मागील डिकींतील चटई असें जें जें निघतें तें तें काढून बाहेर धुवावें. राखेचें भांडें असल्यास तें धुवावें, आणि आसनांच्या खालच्या रुळांत बोट घालून पाहावें. जुनी राख व थोटकें तेथें हमखास निघतात. मग धूळ ओढणाऱ्या यंत्रानें सर्व फटी साफ कराव्या. जादा चाक ज्या खळग्यांत असतें तो खळगा बहुतेक लोक विसरतात.

कांच, दारें, पुढची फळी अशा कठीण पृष्ठभागांस शिरका, म्हणजे बाजारांतील साधें पांढरें व्हिनेगर, तितक्याच पाण्यांत मिसळून वापरावा. ह्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. निकोटिन हें क्षारधर्मी द्रव्य आहे. आम्लाशीं गांठ पडली कीं त्याचा लवण बनतो, तो पाण्यांत विरघळतो आणि हवेंत उडत नाहीं. म्हणून शिरक्याचें फडकें फिरविल्यावर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें पुन्हां पुसून घ्यावें, नाहींतर तें लवण तेथेंच राहील. पांढरें फडकें कांचेच्या आंतील बाजूवरून फिरवून पाहावें. तें पिवळट-तपकिरी झालें, तर मामंजींस दाखवावयास तेवढा पुरावा पुरेसा आहे. पडद्यासारख्या विद्युत् यंत्रांवर आणि चामड्यावर मात्र शिरका नको. हातमोजे घालावे, कारण निकोटिन कातडींतूनहि शरीरांत शिरतें.

कापडी आसनांवर खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवावा व सकाळीं ओढून घ्यावा. त्यानें आम्लधर्मी दुर्गंध कांहीं अंशीं जातो. निकोटिनवर त्याचा फारसा उपयोग नाहीं, कारण दोघेहि क्षारधर्मीच. तेव्हां सोड्यावर विसंबून न राहतां सौम्य साबणाचा फेस मऊ ब्रशानें लावावा आणि तो पाण्यासकट परत ओढून घेणारें यंत्र चालवावें. उद्यमनगराकडील गॅरेजवाल्यांस ह्या कामाची माहिती असते. आसनें चिंब मात्र करूं नयेत. त्यांच्या आंत व खालीं एअरबॅगच्या तारा असतात. पट्टे पूर्ण बाहेर ओढून चिमट्यानें अडकवून ठेवावे, साबणाच्या पाण्यानें पुसावे आणि कोरडे ठणठणीत झाल्यावरच आंत सोडावे. त्यांस ब्लीचिंग लावल्यास धागा कमकुवत होतो, आणि पट्ट्याचा धागा ही काटकसरीची जागा नव्हे.

ए. सी. कडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. मोटारींत येणारी हवा ज्या गाळणींतून येते तिला केबिन फिल्टर म्हणतात. पुष्कळ गाड्यांत ती पुढील बाजूस डाव्या कप्प्याच्या मागें असते. ती धुवूं नये, नवी बसवावी, आणि मिळाल्यास कोळशाचा थर असलेली घ्यावी. आंतील थंड होणाऱ्या जाळीवरहि धुराचा लेप बसतो; ती साफ करण्याचा फेस मिळतो, पण तें काम जाणत्या माणसाकडून करवावें. एवढें झाल्यावर गाडी रोज दोन तास चारी दारें उघडून उन्हांत ठेवावी. बंद ठेवून तापवावी व मग एकदम उघडावी, असें आळीपाळीनें केल्यास मुरलेलें द्रव्य लवकर बाहेर पडतें. ह्या कामास दोन-तीन आठवडे लागतात. तोंवर तान्ह्या मुलास त्या गाडींत नेऊं नये, हें आम्ही त्या भगिनीस स्वतंत्रपणें कळविलेंच आहे.

हल्लीं ओझोन सोडणारें यंत्र लावून एका तासांत वास घालवितों असें सांगणारे कारागीर भेटतात. वास कमी होतो हें खरें. पण ओझोन फुप्फुसांस जाचक आहे, रबरास तडे पाडतो, आणि निकोटिनशीं त्याचा संयोग होऊन नवीं अपायकारक द्रव्यें व अतिसूक्ष्म कण निर्माण होतात असें संशोधनांत दिसून आलें आहे. आमच्या मतें द्रव्य धुवून काढल्याशिवाय हा उपाय करूं नये. केलाच तर आंत कोणी बसूं नये व मागाहून गाडी कित्येक तास उघडी ठेवावी.

घरांतलेंच कोणी ओढणारें असेल तर वरील सर्व श्रम व्यर्थ होत. आपल्याकडे इ. स. २००३ च्या कायद्यान्वयें व २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनीं एस्. टी. सारख्या सार्वजनिक वाहनांत धूम्रपानास बंदी आहे; स्वतःच्या मोटारीस ती लागू नाहीं. इंग्लंड व वेल्समध्यें १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालील मूल मोटारींत असतां सिगारेट ओढणें हा गुन्हा ठरला. आमच्या घरांत कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. मामंजींनीं एक शब्द टाकला कीं पुरे. कांच खालीं करून ओढतों ही सबब कोणी सांगूं लागल्यास ती ऐकूं नये.

ज्यांची खरेदी अद्याप व्हावयाची आहे त्यांनीं गाडी दुपारीं, उन्हांत तापलेली असतांना पाहावी, आणि पाहावयास घरांतील तपकीर, विडी, सिगारेट न शिवलेलें नाक बरोबर न्यावें. बहुधा तें स्त्रियांपैकीं कोणाचें तरी असेल. दार उघडतांच अत्तराचा घमघमाट आला तर शंका घ्यावी. पट्टा ओढून हुंगावा, आसनांवर जळल्याचीं बारीक भोंकें पाहावीं, आणि चालकाच्या डोक्यावरील छताचें अस्तर मागील भागाशीं ताडून पाहावें. तेथें पिवळी छटा असली तर जाणावें कीं, धूर छतांत मुरला आहे. हें अस्तर स्पंजावर चिकटवलेलें असतें. फार ओलें केल्यास गोंद सुटून तें लोंबूं लागतें. म्हणून त्यास फक्त दमट फडक्यानें टिपावें, व त्यानें भागलें नाहीं तर अस्तरच बदलावें लागतें. सीट कव्हरवाले हें काम करतात. त्यांच्याकडून खर्चाचा आंकडा आधीं लिहून घ्यावा, आणि सौदा ठरवितांना तेवढी रक्कम मोटारीच्या किंमतींतून वजा करण्यास विक्रेत्यास निःसंकोच सांगावें.