दत्तक मुलांची कृतघ्नता

दत्तक मुलाविषयीं चार सुशिक्षित माणसें बोलावयास बसलीं म्हणजे आरंभीं आईबापांच्या औदार्याची स्तुति होते, आणि मग कोणीतरी हळूच विचारतो, "पण त्याला जाण आहे ना?" हा प्रश्न निरुपद्रवी समजला जातो. आमच्या मतें अशा मुलांच्या वाट्यास येणाऱ्या बऱ्याच दुःखाचें मूळ याच प्रश्नांत आहे. म्हणून त्याचा थोडा समाचार घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जाण म्हणजे उपकाराची आठवण. आतां उपकार कोणीं केला आणि कोणावर, याचा जबाब आपल्याच परंपरेस विचारून पाहावा. धर्मशास्त्रांतला दत्तक मुळीं मुलाच्या सोयीसाठीं नव्हता. पिंडोदक चालावें, नांव राहावें, वतन दुसऱ्या शाखेकडे जाऊं नये, एवढ्यासाठीं निपुत्रिक गृहस्थ दुसऱ्याचा मुलगा मागून आणीत असे. 'दत्तकमीमांसे'सारखे ग्रंथ मुलगा कोणता घ्यावा व कोणीं द्यावा याचा काथ्याकूट करितात. मुलास काय वाटत असेल ही शंका ग्रंथकारास शिवत नाहीं. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं आणि झांशीचें १८५४ सालीं खालसा झालें, तें दत्तक नामंजूर करूनच. उपकार असलाच तर तो मुलानें घराण्यावर केलेला! जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं एका ब्राह्मण विधवेच्या मुलास १८७४ सालीं दत्तक घेतलें, तेथें हिशेब निराळा होता. पण तो अपवाद होता आणि समाजानें त्यांचें त्याबद्दल कौतुक केलें नाहीं, हें कोणास सांगावयास नको.

आज आपण अनाथ मुलास घरीं आणतों तें त्याच्या हितासाठीं आणतों, असें म्हणतों. म्हणणें प्रामाणिक आहे. परंतु जुना हिशेब मनांतून गेलेला नाहीं. पूर्वी मुलानें पिंड द्यावयाचा, आतां प्रेम द्यावयाचें, एवढाच काय तो फरक. आणि ज्या मुलाजवळ तें चलन नाहीं, त्याला आपण कृतघ्न ठरवून मोकळे होतों.

तें चलन कां नसतें? मूल विश्वास ठेवावयास शिकतें तें पहिल्या दोनतीन वर्षांत, आणि तें शिक्षण अगदीं साध्या रीतीनें होतें. तें रडतें आणि तेंच माणूस येतें, तोच वास, तोच आवाज. असें हजारों वेळां घडतें. जॉन बौल्बी या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या निबंधांत आईच्या किंवा आईसारख्या एका स्थिर माणसाच्या सहवासाचें हें महत्त्व मांडलें. त्याचा कटु पुरावा पुढें रुमानियांत मिळाला. डिसेंबर १९८९ मध्यें चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हां सरकारी अनाथगृहांत लाखाहून अधिक मुलें आढळलीं. पाहावयास गेलेल्यांस खाटांच्या रांगांपेक्षांही अधिक भयंकर वाटली ती तेथील शांतता. रडून कोणी येत नाहीं हें कळल्यावर मूल रडावयाचें सोडून देतें. ब्रिटनमधील कुटुंबांनीं दत्तक घेतलेल्या अशा १६५ मुलांचा मागोवा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीं मोठीं होईपर्यंत घेतला. सहा महिन्यांच्या आंत ज्यांची सुटका झाली तीं बहुतेक इतर मुलांसारखींच वाढलीं. त्याहून अधिक काळ जीं तेथें राहिलीं, त्यांच्यांपैकीं पुष्कळांचे दोष चांगल्या घरांत वाढूनही वर्षानुवर्षें टिकले. परक्याशीं बेदिक्कत सलगी करणें हा त्यांतला एक. आपल्याकडील संस्था तशा आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक फार चांगल्या आहेत. परंतु पगारी बाई पाळी संपली कीं घरीं जाते आणि दुसरी नोकरी लागली कीं कायमची जाते, हा नियम उत्तम संस्थेसही चुकलेला नाहीं.

आप्तेष्टांपुढें हें बोललें कीं ते यशोदेचें नांव घेतात. जरा अधिक वाचलेले असले तर कर्णाचें. श्रीकृष्णानें जन्माचें रहस्य सांगून राज्य देऊं केलें तरी कर्णानें राधेला व अधिरथाला सोडलें नाहीं, ही उद्योगपर्वांतली कथा आम्हांस किती वेळां ऐकविण्यांत आली याची गणती नाहीं. कथा थोर आहे. दृष्टांत मात्र लंगडा आहे. कृष्ण यशोदेच्या कुशींत जन्मरात्रींच आला, आणि पेटींतून राधेच्या हातीं पडलेला कर्णही तान्हाच होता. आईची वाट पाहून थकण्याइतका वेळच त्यांना मिळाला नव्हता. जन्मदात्री, मग आजी, मग संस्थेंतल्या एकामागून एक बदलणाऱ्या बाया, इतक्यांनीं हात सोडल्यावर जें मूल पांचव्या वर्षीं आपल्या दारीं येतें, त्याच्यापुढें कर्णाचा कित्ता ठेवणें हा शुद्ध अन्याय आहे.

आमच्या घरीं दोन भावंडें आलीं तेव्हां मुलगी पांच वर्षांची व मुलगा तीन वर्षांचा होता. पहिल्या आठवड्यांत मुलीच्या गादीखालीं मुंग्यांची रांग लागली. पाहतों तों तीन दिवसांच्या पोळ्या फडक्यांत बांधून ठेविलेल्या. मुलगा पायरीवरून पडून गुडघा फुटला तरी रडला नाहीं. कोपऱ्यांत जाऊन रक्त सदऱ्याला पुसूं लागला. त्याची आई जवळ गेली तर तिच्या हाताला चावला. उलट गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाचा हात धरून मुलगी जिना उतरून रस्त्यापर्यंत गेली. आलेल्या पाहुण्याच्या मांडीवर ती पहिल्या भेटींतच बसे, आणि पाहुणे म्हणत, "किती माणसाळलेली मुलगी हो!" आम्हां उभयतांच्या पोटांत त्या वेळीं गोळा येई, कारण जिला सारेच सारखे, तिला आपलें असें कोणीच नाहीं, याचीच ती खूण होती.

सर्वांत मोठा मार आईस बसतो. ज्या माणसाजवळ जाणें अधिक धोक्याचें, त्यालाच मूल अधिक दूर लोटतें. म्हणून बापाशीं बरें, शेजाऱ्यांशीं गोड, आणि आईपुढें आदळआपट. दुपारीं दोन तास किंचाळून थकलेली मुलगी संध्याकाळीं पाहुण्यांपुढें गाणें म्हणते, आणि पाहुणे आईकडे अशा नजरेनें पाहतात कीं तक्रार करणारी तीच खोटी. "तुम्हीच माया कमी करतां, लेंकरूं तर गुणी आहे," असें आमच्या एका वयोवृद्ध मावशी तोंडावर म्हणाल्या. दुसऱ्या बाजूनें 'रक्ताचा गुण' काढणारे असतातच. मावशींशीं निदान वाद घालतां येतो. या दुसऱ्या मंडळींशीं तोही घालण्यांत अर्थ नाहीं.

प्रेम वसूल करावयाचेंच असा हट्ट धरला म्हणजे तो कोठवर जातो याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे. २००० सालीं कोलोराडोंत दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीस, तिला आईचा लळा लागावा म्हणून, 'पुनर्जन्म' नांवाचा उपचार करण्यांत आला. तिला कापडांत गुंडाळून, वर उशा दाबून, त्यांतून धडपडत बाहेर येण्यास सांगितलें. श्वास घेववत नाहीं असें ती पुनःपुन्हां म्हणत होती. ती गुदमरून मेली. पुढल्या वर्षीं त्या राज्यानें हा प्रकार कायद्यानें बंद केला. आपल्याकडे इतकें कोणी करीत नाहीं. पण "दोन दिवस उपाशी ठेवा म्हणजे आईची किंमत कळेल," असा सल्ला आम्हांस एका पदवीधर गृहस्थानें दिलेला आहे.

खरा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच त्याची वाहवा होत नाहीं. जेवणाची वेळ रोज तीच. सहा वाजतां येतों म्हटलें कीं सहाच. पोळ्यांचा डबा मुलीच्या हातीं लागेल अशा खालच्या फळीवर, आणि त्यास हात लावावयास परवानगी लागत नाहीं. राग आला तर खोलींत कोंडणें नाहीं. न बोलतां जवळ बसून राहणें, मग तास जावो कीं दोन. चौदा महिन्यांनीं मुलगा अंगणांत पडला आणि मोठ्यानें भोंकाड पसरून आईकडे धांवला. "एवढा घोडा झाला तरी रडतो!" असें शेजारच्या काकू म्हणाल्या. आमच्या घरीं त्या दिवशीं शिरा झाला. कारण काकूंस सांगितलें असतें तरी पटलें नसतें.

सरकारी नियम या बाबतींत समाजाहून फारसे शहाणे नाहींत. मूल घरीं आल्यापासून दोन वर्षें, दर सहा महिन्यांनीं, समाजसेवक येऊन त्याची प्रगति पाहतो व अहवाल लिहितो. आमच्याकडे आलेल्या बाई स्वभावानें चांगल्या होत्या. चौथ्या व शेवटच्या भेटींत त्यांनीं मुलीस कौतुकानें विचारलें, "आईबाबांनीं तुझ्यासाठीं इतकें केलें, तूं त्यांच्यासाठीं काय करशील?" मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मला परत नेणार का?" अहवालांत हें संभाषण नाहीं. मूल कुटुंबांत रुळलें आहे, असें त्यांत एक वाक्य आहे.

दोन वर्षांनीं हें दप्तर बंद होतें, आणि मुलगी बाराचौदा वर्षांची होऊन आपल्या जन्माविषयीं विचारूं लागते तेव्हां दारीं कोणी येत नाहीं. या भेटी मूल सज्ञान होईपर्यंत, आईबापांनीं मागितल्यास, मिळाल्या पाहिजेत. भेटीस येणाऱ्यांस लहानपणीं तुटलेल्या मुलांची माहिती असली पाहिजे, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयांत हें काम जाणणारा एक तरी मानसतज्ज्ञ असला पाहिजे. तोंवर आप्तेष्टांनीं इतकें करावें: घरीं आल्यावर मुलीला मांडीवर घेऊं नये, तिला तिच्या आईकडे पाठवावें, आणि खाऊ आणला असेल तर तो आईच्या हातीं द्यावा.